एकाच गेमचे दोनदा पैसे का? गोव्यातल्या खेळणाऱ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की हे प्रश्न वाढतात. पुण्याचा भाऊ लॅपटॉप घेऊन मूळ घरी येतो, बोटीवर नोकरीला असलेला काका सुट्टीवर येताना प्लेस्टेशन आणतो, धाकट्याच्या हातात फोन असतोच. आरती उरकून सगळी मुलं एका खोलीत जमली की लक्षात येतं, तिघांकडे गेम एकच आहे आणि पैसे मात्र प्रत्येकाने वेगळे भरलेत. एकाने तर दोनदा. पालकांचा संशय मुलांवर, मुलांचा राग कंपनीवर. दोघांसाठीही उत्तरं खाली आहेत.

मुलगा म्हणतो, "गेम माझ्याकडे आहे, पण प्लेस्टेशनवर परत घ्यावा लागेल." थापा मारतोय का?

बहुतेक वेळा खरंच सांगतोय. कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम प्लेस्टेशनवर फुकट मिळत नाही, एक्सबॉक्सवर नाही आणि निन्टेंडो स्विचवरही नाही. उलट दिशेनेही तेच. काही अपवाद आहेत, ते पुढे येतील. तेवढे मात्र त्याला विचारून घ्या, कारण सोयीचे अपवाद मुलं विसरतात.

पण मी पैसे देऊन घेतला म्हणजे गेम माझा झाला ना?

नाही. पैसे देऊन तुम्ही एका दुकानाच्या खात्यात तो गेम खेळण्याची परवानगी मिळवली. स्टीम हे वाल्व्ह कंपनीचं दुकान, तिथे तुमची नोंद आहे. प्लेस्टेशन स्टोअर सोनीचं, तिथे ती नोंद नाही. कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, पास दाखवून खाजगी मिनीबसमध्ये बसता येत नाही, रस्ता पणजी ते फोंडा तोच असला तरी. इथेही तसंच.

ही गोष्ट दुकानं वर्षानुवर्षं अटींच्या लांबलचक मजकुरात लिहीत आली आणि बटणावर मात्र "खरेदी करा" असं ठेवत आली. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर कायदा केला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगा, नाहीतर "खरेदी" हा शब्द वापरू नका, असा त्याचा सारांश. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. सत्तरी तालुक्यात बसून गेम घेणाऱ्यालाही ती ओळ आता दिसते. वाचतो कोण, हा भाग वेगळा.

गेम तर एकदाच बनवला. दुसऱ्या मशीनवर टाकायला परत एवढा खर्च येतो का?

कधी येतो, कधी येत नाही. खरा वाद इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

विंडोजसाठी लिहिलेला गेम प्लेस्टेशनवर जसाच्या तसा चालत नाही. ग्राफिक्सशी बोलण्याची पद्धत वेगळी, मेमरी वेगळी, कंट्रोलर वेगळा. मशीन कमकुवत असेल तर चित्रं, सावल्या, गर्दी सगळं नव्याने कापावं लागतं. द विचर ३ हा गेम २०१५ मध्ये आला तेव्हा तो छोट्याशा हातातल्या मशीनवर चालेल असं कोणी म्हटलं असतं तर हसले असते. २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्ह या वेगळ्या कंपनीने तो स्विचवर आणला, सगळ्या जोडभागांसकट ३२ जीबीच्या एका कार्डात बसवून. हे कष्टाचं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तर माझी तक्रार नाही.

छोट्या टीमला तर हा खर्च फारच जाणवतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा गेम आठवत असेल. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर मशीनांवर. म्हणजे पुण्यात बनलेला गेम आधी अशा मशीनवर गेला जे भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं! धंद्याची गणितं अशी असतात. शिवाय प्रत्येक कन्सोलच्या (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच अशा खेळायच्या मशीनच्या) कंपनीकडे गेम तपासणीला द्यावा लागतो, पुढे प्रत्येक दुरुस्तीची फाइल त्या त्या मशीनसाठी वेगळी तयार करावी लागते. दहा-बारा माणसांच्या कंपनीने चार मशीनांवर एकाच पैशात गेम द्यावा, असं मी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. फोर्झा होरायझन ५ हा मायक्रोसॉफ्टचा गाड्यांचा गेम घ्या, २०२१ चा. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून डिजिटल घेतला की विंडोज आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे चालतो, एकाच पैशात. तोच गेम स्टीमवर घेतला की फक्त कॉम्प्युटरवर. एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला, तिथे घेतला की फक्त तिथेच, आणि गंमत म्हणजे तिथे खेळायलाही मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. म्हणजे तुम्ही कोण हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. एक्सबॉक्सची आवृत्ती आधीच तयार आहे. तरी स्टीमवाल्याला ती मिळत नाही. इथे जास्तीच्या पैशाचं कारण कष्ट नव्हे. दुकान दुसऱ्याचं आहे, एवढंच कारण.

म्हणून कोणी "तांत्रिक अडचण आहे" असं सांगितलं की मी एकच बघतो. गेम त्या मशीनवर आधीच विकला जातोय का? जात असेल तर तांत्रिक अडचण संपलेली आहे, उरलाय तो फक्त हिशोब.

हिशोब म्हणजे नेमका काय?

दुकानाचा वाटा. कन्सोलची दुकानं साधारण ३० टक्के घेतात. स्टीमही ३० टक्क्यांनी सुरू करतं, मग गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर २५ आणि पाच कोटींच्या वर २० टक्के. एपिक गेम्सने डिसेंबर २०१८ मध्ये दुकान उघडलं ते १२ टक्क्यांवर, वाल्व्हला चिमटा काढायलाच.

आता विचार करा. स्टीमवर विकलेल्या गेमचा वाटा वाल्व्हने घेतला. तोच गेम सोनीने प्लेस्टेशनवर फुकट दिला तर डाउनलोडचा भार सोनीचा, सर्व्हर सोनीचा, कमाई शून्य. शिवाय कन्सोल कंपन्या मशीन कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकतात आणि गेमच्या वाट्यातून ते भरून काढतात. सोनीच्या जागी कोणीही असता तरी नाहीच म्हणाला असता. गेम बनवणाऱ्याला मनापासून द्यायचं असलं तरी दुकानदार आडवा येतो.

मग एकदाच पैसे भरून दोन ठिकाणी खेळता येईल असं कुठे आहे?

जिथे दोन्ही ठिकाणी दुकान एकाच मालकाचं, तिथे. हे एवढं लक्षात ठेवलं की यादी पाठ करावी लागत नाही.

स्टीमवर मे २०१० पासून विंडोजवर घेतलेला गेम मॅकवरही मिळतो, मॅकची आवृत्ती असली तर. पुढे लिनक्सचंही तेच झालं. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर योजना २०१६ पासून आहे. दुकानाच्या पानावर तसं चिन्ह दिसलं तरच ती लागू, सगळ्या गेमना नाही. सोनीने २०१२ मध्ये क्रॉस-बाय, म्हणजे एका खरेदीत दोन मशीनांवर गेम, काढलं, तेव्हा ते प्लेस्टेशन ३ आणि हातातल्या व्हिटासाठी होतं. ॲपलच्या दुकानात एकच खरेदी आयफोन, आयपॅड आणि मॅकवर चालवण्याची सोय मार्च २०२० पासून आहे. रेसिडेंट ईव्हिल ४ तसा मिळतो, पण तोच कॉम्प्युटरवर स्टीममध्ये घेतलेला असेल तर आयफोनवर त्याचा काही उपयोग नाही.

माइनक्राफ्टबद्दल इतके लोक विचारतात की वेगळं सांगतो. जून २०२२ पासून विंडोजवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत मिळतात. फोनवरचा वेगळा. प्लेस्टेशनवरचा वेगळा. स्विचवरचा वेगळा. कंपनी २०१४ पासून मायक्रोसॉफ्टची असली तरीही.

जुनं प्लेस्टेशन ४ विकून ५ घेतलं. जुने गेम गेले का?

डाउनलोड केलेले गेले नाहीत. त्याच अकाउंटवर प्लेस्टेशन ५ वर ते उतरवता येतात, फार थोडे सोडले तर. डिस्क असतील तर डिस्क ड्राइव्ह असलेलं मॉडेल हवं. दुकानात थोडे पैसे वाचवायला डिजिटल एडिशन घेतलं आणि घरी कपाटात डिस्कांची चळत, असं होऊ देऊ नका. एक्सबॉक्स सिरीज एसमध्येही ड्राइव्ह नाही.

पण जुना गेम नव्या मशीनवर चालणं वेगळं आणि नव्या मशीनसाठी सुधारलेली आवृत्ती मिळणं वेगळं. एक्सबॉक्सने २०२० मध्ये स्मार्ट डिलिव्हरी आणली, त्यात बसणाऱ्या गेमची सुधारित आवृत्ती फुकट. सोनीकडे कुठे फुकट, कुठे दहा डॉलरच्या हिशोबाने. होरायझन फॉरबिडन वेस्टच्या वेळी, सप्टेंबर २०२१ मध्ये, खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की सोनीला त्या एका गेमचं अपग्रेड फुकट द्यावं लागलं, आणि त्याच दमात पुढच्या गेमना दहा डॉलर लागतील असंही सांगून टाकलं. निन्टेंडोने २०२५ मध्ये स्विच २ आणताना झेल्डाच्या दोन गेमना असाच अपग्रेड पॅक ठेवला.

आणि जीटीए ५. सप्टेंबर २०१३ मध्ये जुन्या कन्सोलवर, नोव्हेंबर २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर, एप्रिल २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर, मार्च २०२२ मध्ये परत नव्या कन्सोलवर. दर वेळी नवे पैसे. तीन पिढ्यांत तीनदा घेतलेले लोक म्हापशापासून मडगावापर्यंत भेटतील. मार्च २०२५ मध्ये कॉम्प्युटरवर सुधारित आवृत्ती आली तेव्हा मात्र जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिली. गेम तोच, कंपनी तीच. कन्सोलवाल्यांनी भरले आणि पीसीवाल्यांना बक्षीस, यात न्याय शोधायला जाऊ नये.

गेमवर "क्रॉस-प्ले" लिहिलंय. म्हणजे परत घ्यावा लागणार नाही ना?

लागेल. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

क्रॉस-प्ले म्हणजे तुम्ही प्लेस्टेशनवरून आणि मित्र कॉम्प्युटरवरून एकाच सामन्यात उतरू शकता. दोघांनी आपापला गेम विकत घेतलेला असायला हवा. क्रॉस-सेव्ह किंवा क्रॉस-प्रोग्रेशन म्हणजे तुमची प्रगती एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते. गेम दोन्हीकडे विकत घेतलेला असायला हवा. बाल्डर्स गेट ३ मध्ये तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचं अकाउंट जोडलं की कॉम्प्युटरवरची सेव्ह प्लेस्टेशन ५ वर उघडते. विचर ३ मध्ये डिसेंबर २०२२ च्या मोफत अपडेटपासून तशीच सोय आहे. फक्त क्रॉस-बाय असं लिहिलं असेल तर एकदाच पैसे. हा शब्द फार कमी ठिकाणी दिसतो.

सेव्ह जात नसेल तर दुसऱ्यांदा घेण्याआधी दहादा विचार करा. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम कॉम्प्युटरवर घेतलेला मुलगा फर्मागुडीच्या हॉस्टेलवर गेला की फोनवर परत घेतो, कारण फोनवर तो स्वस्त आहे. तिथे निदान सेव्हची फाइल हाताने कॉपी करून नेता येते. कन्सोलवरून फोनवर न्यायची म्हटली तर तीही सोय नाही, मग शेत परत नांगरायचं, कोंबड्या परत पाळायच्या.

आजचं क्रॉस-प्ले सहजासहजी मिळालेलं नाही, हेही सांगून ठेवतो. सोनीने सप्टेंबर २०१८ पर्यंत फोर्टनाइटमध्येसुद्धा एक्सबॉक्स आणि स्विचवाल्यांना आत घेतलं नव्हतं. पुढे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपलच्या खटल्यात जी कागदपत्रं बाहेर आली त्यातून कळलं की खेळणारा प्लेस्टेशनवर जास्त खेळून खरेदी दुसरीकडे करत असेल, तर सोनी त्याची भरपाई गेम कंपनीकडून घेते. तुम्ही कुठे खेळता याहून पाकीट कुठे उघडता याची काळजी जास्त.

फुकटच्या गेममध्ये घेतलेल्या वस्तू तरी सगळीकडे दिसतात ना?

वस्तू बहुधा दिसतात, अकाउंट एकच असेल तर. नाणी-हिरे मात्र अडकू शकतात. गेनशिन इम्पॅक्टमध्ये प्लेस्टेशनवर पैसे देऊन घेतलेले क्रिस्टल प्लेस्टेशनवरच वापरता येतात. म्हणून जिथे रोज खेळता तिथूनच भरा.

काकांनी दुबईहून डिस्क आणली. इथल्या प्लेस्टेशनवर चालेल का?

गोव्यात हा प्रश्न दर दुसऱ्या घरात आहे, कारण प्रत्येक वाड्यावर कोणीतरी आखातात नाहीतर बोटीवर आहेच.

डिस्क चालेल. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या गेमच्या डिस्कला देशाचं कुलूप नाही. फोंड्यात बसून दुबईची डिस्क लावा, गेम सुरू होईल. अडचण पुढे येते. त्या गेमचा जोडभाग, म्हणजे डीएलसी, भारतीय अकाउंटवरून घेतला तर तो त्या डिस्कशी जुळेलच असं नाही. डिस्क ज्या विभागाची, डीएलसी त्याच विभागाच्या दुकानाची लागते. पोरगं पैसे भरून बसतं आणि गेममध्ये नवा भाग दिसतच नाही. ज्या गेमला डीएलसी येणार हे माहीत आहे, त्याची डिस्क इथूनच घ्या.

काकांनी मशीनसोबत आपलं तिथलं अकाउंटही दिलं असेल तर आणखी एक गाठ. प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश एकदा ठरला की बदलत नाही. दुबईचं अकाउंट कायम दुबईचं. तिथे इथलं कार्ड चालत नाही, मग लोक बाहेरचे गिफ्ट कोड शोधत फिरतात. पहिल्याच दिवशी भारतातलं नवं अकाउंट काढा. त्याच मशीनवर दोन्ही अकाउंट ठेवता येतात आणि काकांचे गेम तुमच्या अकाउंटवरूनही खेळता येतात, त्यांच्या अकाउंटवर कन्सोल शेअरिंग चालू असेल तर.

एक्सबॉक्स आणि स्टीमवर देश बदलता येतो, पण तीन महिन्यांतून एकदाच, आणि स्टीमला नव्या देशातलं पैसे भरण्याचं साधन दाखवावं लागतं. स्वस्त देशाचं सोंग घेऊन गेम उचलायची युक्ती कोणी सांगत असेल तर ऐकू नका. अकाउंट बंद झालं तर सगळे गेम एकदम जातात.

डिस्क घेऊ की डाउनलोड?

मी डिस्कच्या बाजूचा आहे, कन्सोलपुरता. नवीन मोठा गेम साधारण पाच हजारांच्या घरात जातो. खेळून झाला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते, चवथीला भावाला देता येते. डाउनलोड केलेला गेम कोणालाही विकता येत नाही. दोन वेगळ्या मशीनांवर तोच गेम हवा असेल तर पहिल्याची डिस्क विकून दुसरीकडे घेतला की दोनदा पैसे भरल्याचं दुःख निम्म्यावर येतं.

डिस्कलाही मर्यादा आहेत. ऑनलाइन चालणाऱ्या गेमचा सर्व्हर बंद झाला की डिस्क शोभेची. युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्कवाले आणि डाउनलोडवाले एकाच रांगेत आले.

कॉम्प्युटरवर डिस्कचा काळ गेला. तिथे मनासारखा पर्याय गॉग हे दुकान. त्याचे गेम कुलूप न लावता मिळतात, इन्स्टॉलरची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवली की दुकान बंद पडलं तरी गेम राहतो.

घरात दोन मुलं, दोघांना एकच गेम हवा. दोन घ्यावे लागतील?

एकाच प्रकारचं मशीन असेल तर बऱ्याचदा नाही. प्लेस्टेशन ५ वर एका मशीनला कन्सोल शेअरिंग चालू करता येतं, मग त्या मशीनवरचं कोणतंही अकाउंट तुमचे गेम खेळू शकतं. तुम्ही दुसऱ्या मशीनवर स्वतःच्या अकाउंटने खेळता. दोन भाऊ, दोन कन्सोल, खरेदी एक.

स्टीमवर सप्टेंबर २०२४ पासून स्टीम फॅमिलीज सगळ्यांसाठी खुलं झालं. एका घरातले सहाजण आपापले गेम एकत्र ठेवू शकतात. पण एका प्रतीवर एका वेळी एकच. दोघांना एकत्र उतरायचं असेल तर दोन प्रती. आणि एक धोका आहे. तुमच्या प्रतीवर धाकट्याने ऑनलाइन चीटिंग केली आणि त्याला त्या गेममधून काढलं, तर तुम्हालाही काढतात. धाकटा कसा आहे ते तुम्हाला माहीत.

समाजमाध्यमांवर "सेकंडरी अकाउंट" म्हणून स्वस्तात गेम विकणारे असतात, ते हेच शेअरिंग अनोळखी लोकांना विकतात. विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की पैसे बुडाले, आणि दाद मागायला जागा नाही.

गेम पास किंवा क्लाऊड घेतलं तर हा त्रास संपतो का?

काही अंशी. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमध्ये महिन्याचे पैसे भरायचे, यादीतले गेम खेळायचे, प्लॅन त्या दर्जाचा असेल तर कॉम्प्युटर आणि एक्सबॉक्स दोन्हीवर. वर्षाला भरपूर गेम खेळणाऱ्याला परवडतं. वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याने उगाच घेऊ नये. यादीतून गेम निघून गेला आणि त्याचा डीएलसी तुम्ही विकत घेतलेला असेल, तर मूळ गेम घेईपर्यंत तो डीएलसी पडून. महिन्याची कपात मध्येच थांबली तर बँकेत ई-मॅन्डेट, म्हणजे आपोआप कपातीची परवानगी, बघा, ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे त्याची वेगळी मंजुरी लागते.

क्लाऊडबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. जीफोर्स नाऊ ही सेवा तुम्ही स्टीमवर आधीच घेतलेला गेम तिच्या कॉम्प्युटरवर चालवून तुमच्या पडद्यावर दाखवते. नवा गेम विकत नाही. तरी २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड, बेथेस्डा, टूके अशा मोठ्या कंपन्यांनी आपले गेम तिथून काढून घेतले. पैसे भरलेला गेम, भाड्याचा कॉम्प्युटर, तरीही नाही! गूगलच्या स्टेडियावर गेम परत विकत घ्यावे लागायचे. ती १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. गूगलने गेमचे पैसे परत केले, हे तिचं मोठेपण.

पावसात नेट जातं. विकत घेतलेला गेम तेव्हा चालेल का?

जुलैत सत्तरीत राहणाऱ्याने हे आधीच बघून ठेवावं. प्लेस्टेशन ५ वर कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले चालू असलेल्या मशीनवर एकट्याने खेळायचे बहुतेक गेम नेटशिवाय चालतात. शेअर करून घेतलेल्या दुसऱ्या मशीनवर नेट लागतं. म्हणून जिथे नेट कच्चं, त्या घरातल्या मशीनला ते चालू करा, पणजीच्या फ्लॅटमधल्या नव्हे. स्टीमवर नेट असतानाच एकदा गेम उघडून ऑफलाइन मोड तपासून घ्या. वीजच गेली तर काय करायचं ते वीज खात्याला विचारा.

चुकीच्या मशीनसाठी घेतला. पैसे परत मिळतील?

स्टीम आणि एपिकवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर मिळतात. प्लेस्टेशनवर १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलेलं नसावं. सोनीची अट कडक आहे, त्यामुळे घेतल्या घेतल्या डाउनलोडला लावू नका, आधी नीट बघा. अँड्रॉइडवर ४८ तासांच्या आत मागा.

एका ठिकाणी पैसे भरलेच आहेत. दुसरीकडे क्रॅक कॉपी, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, टाकली तर चालेल?

नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायची मुभा आहे, ती कायदेशीररीत्या मिळालेल्या त्याच प्रतीची. प्लेस्टेशनचे पैसे भरले म्हणून पीसीची प्रत तुमची होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणं हाही गुन्हा झाला. राग समजतो. पण क्रॅकसोबत काय काय येतं हे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात विचारा.

ग्राहक म्हणून तक्रार करता येईल?

"दुसऱ्या मशीनवर फुकट द्या" म्हणून नाही. तसं देण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही. पण पानावर दोन्हीकडे मिळेल असं लिहून दिलं नाही, पैसे कापून गेम आलाच नाही, अशा गोष्टींसाठी नक्कीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तू येतात, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला. खरेदीच्या वेळचं पान स्क्रीनशॉट काढून ठेवलेलं असेल तर बोलणं लवकर आटपतं.

आजी विचारते, गेमवर पैसे घालवतोस म्हणजे मांडवीतल्या बोटींवर जातोस काय?

नाही आजी. तो कॅसिनो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही याला लागत नाही. हे एकदाच भरायचे. म्हणजे, दोनदा.

भाच्याला वाढदिवसाला गेम द्यायचाय. कुठला घेऊ?

गेमचं नाव विचारण्याआधी तो कशावर खेळतो ते विचारा, आणि त्याच्या मित्रांचा कंपू कशावर खेळतो तेही. क्रॉस-प्ले नसेल तर मित्र असतील ते मशीन निवडा. प्लेस्टेशन असेल तर मॉडेलमध्ये ड्राइव्ह आहे का बघून मगच डिस्क आणा. खात्री नसेल तर त्या दुकानाचं भारतीय रुपयांतलं गिफ्ट कार्ड द्या. प्लेस्टेशनचं बाहेर देशातून आलेलं कार्ड इथल्या अकाउंटवर चालत नाही. स्टीमवर गेमच थेट भेट पाठवता येतो, पण भाचा परदेशी असेल आणि तिथली किंमत इथल्याहून बरीच जास्त असेल तर स्टीम तो जाऊ देत नाही. आणि त्याच्याकडे तो गेम आधीच असला तर त्याला "नको" वर दाबायला सांगा, पैसे तुमच्याकडे परत येतात.